२०१६ ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक: जनमत चाचण्या नेमक्या कुठे चुकल्या?

धागालेखक

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून येत आहेत हे दिसू लागले आणि मतमोजणी पुरती संपायच्या आतच जनमत चाचण्यांचे शास्त्र कोलमडले, असे सगळीकडे म्हटले जाऊ लागले. भारतात तेव्हा ९ तारखेची सकाळ होती. आदल्या रात्रीच नोटाबंदी जाहीर झालेली असल्याने या निकालाच्या तपशिलात शिरायला आपल्याकडे फारशी कोणाला उसंत नव्हती आणि 'सगळ्या चाचण्या खोट्या ठरल्या' एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्यानंतर २०२० आणि २०२४ अशा आणखी दोन निवडणुका झाल्या, तरी चर्चा निघाली की तेच वाक्य पुन्हा ऐकू येते. मला ते पटत नाही. चुका झाल्या आणि त्या गंभीर होत्या. पण त्या समजल्या जातात तिथे झाल्या नाहीत, आणि जिथे झाल्या तिथली दुरुस्ती आजही अपुरी आहे.

देशपातळीवरच्या चाचण्या आधी पाहू. मतदानाच्या तोंडावर त्यांच्या सरासरीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन सुमारे ३ टक्क्यांनी पुढे होत्या. प्रत्यक्षात त्यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख ७० हजार मते जास्त मिळाली, म्हणजे २.१ टक्क्यांची आघाडी. चूक झाली ती साधारण एका टक्क्याची. त्याआधी २०१२ मध्ये बराक ओबामा यांची आघाडी चाचण्यांच्या एका प्रसिद्ध सरासरीत एका टक्क्याहूनही कमी दिसत होती आणि ते जवळपास ४ टक्क्यांनी जिंकले. ती चूक कितीतरी मोठी होती, परंतु विजेता अपेक्षेप्रमाणेच आल्यामुळे तिची चौकशी करण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. चाचणी बरोबर की चूक हे आपण विजेत्याच्या नावावरून ठरवतो आणि मोजमापात किती अंतर पडले हे विचारतच नाही. २०१२ मध्ये तो प्रश्न विचारला गेला असता, तर २०१६ मध्ये कदाचित एवढा धक्का बसला नसता.

अमेरिकेचा अध्यक्ष मात्र देशभरातल्या एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला अध्यक्ष ठरवणारी ठरावीक निर्वाचक मते (इलेक्टोरल व्होट्स) असतात आणि दोन राज्यांचा अपवाद वगळता, राज्यात पहिला येणारा उमेदवार तिथली सगळी निर्वाचक मते घेऊन जातो. विस्कॉन्सिन (१०), मिशिगन (१६) आणि पेनसिल्व्हेनिया (२०) या तीन राज्यांत (कंसात निर्वाचक मते) ट्रम्प यांची आघाडी अनुक्रमे २२,७४८, १०,७०४ आणि ४४,२९२ मतांची होती. तिन्ही मिळून ७७,७४४ मते होतात. सुमारे साडेतेरा कोटी मतदारांच्या निवडणुकीचा निर्णय एवढ्या मतांनी केला. विस्कॉन्सिनने १९८४ नंतर आणि उरलेल्या दोन राज्यांनी १९८८ नंतर रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नव्हता, म्हणून तिथे चांगल्या दर्जाच्या चाचण्याही शेवटच्या आठवड्यात फारशा झाल्या नाहीत. खरी चूक याच राज्यांत झाली.

विस्कॉन्सिनचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथे मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची चाचणी अत्यंत विश्वसनीय मानली जाते. २६ ते ३१ ऑक्टोबर या काळात घेतलेल्या तिच्या शेवटच्या फेरीत क्लिंटन यांना ४६ टक्के आणि ट्रम्प यांना ४० टक्के मते होती. प्रत्यक्ष निकालात क्लिंटन यांना ४६.५ टक्के मते मिळाली आणि ट्रम्प यांना ४७.२ टक्के. क्लिंटन यांच्या मतांचे माप अगदी बरोबर होते. सात टक्क्यांची चूक एकट्या ट्रम्प यांच्या रकान्यात आहे. याचा अर्थ, चाचणीने क्लिंटन यांचे मतदार फुगवून दाखवले नव्हते. जे लोक त्या आठवड्यात अनिश्चित होते, तिसऱ्या उमेदवाराचे नाव घेत होते किंवा ज्यांच्यापर्यंत चाचणी पोहोचलीच नाही, ते बहुसंख्येने एकाच बाजूला गेले. याच काळात, २८ ऑक्टोबरला, एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेचे संचालक जेम्स कोमी यांचे क्लिंटन यांच्या ईमेलच्या चौकशीविषयीचे पत्र जाहीर झाले होते. त्या पत्राचा परिणाम किती झाला यावर अभ्यासकांत एकमत नाही, परंतु शेवटच्या आठवड्यात निर्णय घेणाऱ्यांनी विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प यांना मोठ्या फरकाने पसंती दिली, हे मतदानाच्या दिवशीच्या सर्वेक्षणात दिसले.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. अमेरिकी जनमत संशोधकांच्या संघटनेने मे २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दाखवले की, राज्यांतल्या अनेक चाचण्यांनी नमुन्याला शिक्षणानुसार भारांक दिलेला नव्हता, म्हणजे नमुन्यात जास्त आलेल्या गटाचे वजन कमी आणि कमी आलेल्या गटाचे वजन जास्त धरून तो लोकसंख्येशी जुळवलेला नव्हता. पदवीधर माणूस चाचणीला उत्तर देण्याची शक्यता अल्पशिक्षित माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे नमुन्यात पदवीधर नेहमीच प्रमाणाबाहेर येतात. पूर्वी हे खपून जात असे, कारण २०१२ पर्यंत अत्यंत कमी शिकलेले आणि अत्यंत जास्त शिकलेले असे दोन्ही गट डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकत होते आणि एकाची उणीव दुसरा भरून काढत होता. २०१६ मध्ये हे गणित मोडले. शिक्षण आणि मत यांचा संबंध सरळ रेषेत आला, म्हणजे शिक्षण जितके जास्त तितका कल क्लिंटन यांच्याकडे, आणि पदवी नसलेल्या गोऱ्या कामगारांची संख्या जिथे जास्त होती, त्याच राज्यांत चाचण्या सर्वाधिक घसरल्या. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात वर शिजलेला आणि तळाशी कच्चा असेल, तर वरचे शीत कितीही नीट दाबून पाहिले तरी उपयोग होत नाही.

'ट्रम्पसमर्थक लाजून खोटे बोलले' हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण त्या अहवालाला त्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. प्रश्न खोटे बोलणाऱ्यांचा नव्हता. तो न बोलणाऱ्यांचा होता, असे माझे मत आहे, आणि त्यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

मिशिगनकर

लेख आवडला. मी बरीच वर्षे डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो आणि मोटारउद्योगात काम करतो, म्हणून मिशिगनपुरती भर घालतो.

आमच्या राज्याने त्याच वर्षी मार्चमध्ये इशारा दिला होता. ८ मार्च २०१६ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, चाचण्यांची सरासरी क्लिंटन यांना पक्षातले प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्यापेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी पुढे दाखवत होती, आणि सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. एवढी मोठी चूक अमेरिकेच्या प्राथमिक निवडणुकांत क्वचितच झाली असेल. मिशिगनमधल्या मतदारापर्यंत चाचणी नीट पोहोचत नाही, हे त्या दिवशी समोर आले होते; तरीही नोव्हेंबरात क्लिंटन यांची तीन-चार टक्क्यांची आघाडी अनेकांनी पुरेशी मानली.

आमच्या शेजारची मकोम काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ही कारखान्यांतल्या कामगारांची काउंटी. तिथे २००८ आणि २०१२ मध्ये ओबामा जिंकले होते, आणि २०१६ मध्ये ट्रम्प सुमारे ४८ हजार मतांनी पुढे राहिले. सगळ्या मिशिगनमध्ये त्यांची आघाडी होती १०,७०४ मतांची, म्हणजे ही एक काउंटी जरी २०१२ सारखी राहिली असती तरी राज्याचा निकाल उलटला असता. कारखान्यातले माझे सहकारी राजकारणावर मोकळेपणाने बोलत आणि ट्रम्प यांचे नाव घेताना कोणी संकोचल्याचे मला आठवत नाही. फक्त अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन त्यांच्यापैकी कोणी घेत नसे. त्यामुळे 'लाजाळू मतदारा'च्या कल्पनेविषयी आपण जे लिहिले आहे ते मला अनुभवाने पटते.

एका गोष्टीचा उल्लेख मात्र आपल्या लेखात राहिला. ज्या वेन काउंटीत डेट्रॉइट शहर येते, तिथे क्लिंटन यांना २०१२ मधील ओबामांपेक्षा सुमारे ७६ हजार मते कमी पडली. देशभरात कृष्णवर्णीय मतदारांच्या मतदानाचे प्रमाण २०१२ मध्ये ६६ टक्क्यांच्या वर होते, ते २०१६ मध्ये ६० टक्क्यांच्या खाली आले. चाचणी घेणाऱ्याला केवळ कोण कोणाला मत देणार हे शोधून भागत नाही. कोण मतदानाला जाणार आणि कोण घरी राहणार याचाही अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज बहुतांशी मागच्या निवडणुकीवर बेतलेला असतो.

संख्याशास्त्राचा शिक्षक

चाचण्या आणि त्यांच्यावर आधारलेली भाकिते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे चाचण्यांना नको तेवढा दोष मिळाला. निवडणुकांची भाकिते करणाऱ्या फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाच्या नेट सिल्व्हर यांनी शेवटच्या दिवशी ट्रम्प यांना २८.६ टक्के संधी दिली होती. न्यूयॉर्क टाइम्सच्या गणिती प्रतिकृतीत (मॉडेलमध्ये) क्लिंटन यांची संधी ८५ टक्के होती, हफिंग्टन पोस्टच्या प्रतिकृतीत ९८ टक्के, आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या सॅम वँग यांच्या गणितात ९९ टक्के. या सर्वांपुढे चाचण्या जवळपास त्याच होत्या. मग उत्तरांत एवढी तफावत का पडली?

कारण चाचण्या किती आणि कशा चुकू शकतात याची कल्पना प्रत्येकाने वेगळी केली. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया येथील चाचण्यांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानले, तर तिन्ही एकाच वेळी एकाच दिशेने चुकण्याची शक्यता नगण्य ठरते. परंतु या राज्यांतले मतदार सारखे, उद्योग सारखे, चाचणी घेण्याची पद्धत सारखी. एका ठिकाणी अल्पशिक्षित मतदार नमुन्यातून निसटत असेल, तर तो दुसऱ्या ठिकाणीही निसटणारच. सिल्व्हर यांच्या गणितात या सामायिक चुकीला बरीच जागा होती, वँग यांच्या गणितात फार कमी, आणि ती अधिक धरायला हवी होती हे वँग यांनी पुढे स्वतः मान्य केले. सिल्व्हर यांच्याच संस्थेने मतदानाच्या चार दिवस आधी लिहिले होते की, ट्रम्प केवळ एका नेहमीच्या आकाराच्या चुकीएवढे मागे आहेत. ते वाक्य तेव्हा गांभीर्याने वाचले गेले नाही.

दुसरा मुद्दा त्रुटीच्या मर्यादेचा. आठशे लोकांच्या नमुन्यात अधिक-उणे साडेतीन टक्के असे छापले जाते आणि वाचक समजतो की सहा टक्क्यांची आघाडी सुरक्षित आहे. ती मर्यादा एका उमेदवाराच्या टक्केवारीची असते. दोघांमधल्या अंतराची मर्यादा जवळपास दुप्पट होते. शिवाय ती केवळ नमुना निवडताना होणाऱ्या योगायोगाची मर्यादा आहे. उत्तर न देणारे, चुकीचे भारांक, मतदानाला न जाणारे यांतून येणारी चूक तिच्यात धरलेलीच नसते. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो निवडणूकपूर्व चाचण्या तपासून दाखवले की, प्रत्यक्षातली सरासरी चूक छापलेल्या मर्यादेवरून अपेक्षित असते तिच्या सुमारे दुप्पट असते. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी हे वाचकांना सांगायला हवे, आणि ते अजूनही सांगितले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक वाचक

आपले सर्वांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, तरी माझा आक्षेप नोंदवतो. २८.६ टक्के हा आकडा कोणत्याही निकालानंतर बरोबरच ठरतो. ट्रम्प हरले असते तर 'आम्ही ७१ टक्के म्हटले होते' असे सांगता आले असते, आणि जिंकले तर 'आम्ही २९ टक्के दिले होते' असे सांगता येते. जे विधान चुकूच शकत नाही, त्याला शास्त्र कसे म्हणायचे?

त्याहून गंभीर म्हणजे, अशा आकड्यांनी निवडणुकीवरच परिणाम होतो. क्लिंटन यांनी पक्षाची उमेदवारी मिळाल्यानंतर विस्कॉन्सिनमध्ये एकही प्रचारसभा घेतली नाही. राज्य हातातले आहे असे चाचण्या सांगत होत्या म्हणूनच ना? निकाल लागलेलाच आहे असे समजून किती मतदार घरी राहिले असतील, हे तर मोजताही येणार नाही.

धागालेखक

आपल्या पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे. एका निवडणुकीवरून असा आकडा तपासता येत नाही हे खरे. परंतु ज्यांनी अनेक वर्षे शेकडो लढतींची भाकिते केली, त्यांनी ७० टक्के संधी दिलेल्या सर्व लढती एकत्र करून त्यांपैकी साधारण ७० टक्के लढती खरोखर तशा लागल्या का, हे तपासता येते. शंभरपैकी शंभर लागल्या तरी ते भाकीत सदोषच म्हणावे लागेल. जो ९९ टक्के म्हणतो त्याची परीक्षा तर अधिक कठोर असते, आणि २०१६ मध्ये ९८-९९ टक्के म्हणणारे त्या परीक्षेत उघडपणे नापास झाले. तेव्हा हे विधान चुकू शकते आणि चुकलेही.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मी आपल्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. प्रचारयंत्रणेची स्वतःची अंतर्गत आकडेमोडही असते, त्यामुळे विस्कॉन्सिनकडे झालेल्या दुर्लक्षाचा सगळा भार जाहीर चाचण्यांवर टाकता येणार नाही. पण टक्केवारीतली मते आणि टक्केवारीतली संधी यांत सामान्य वाचकाची गल्लत होते, ८५ टक्के संधी म्हणजे ८५ टक्के मते असे भासते, आणि ती गल्लत होऊ देणारी मांडणी बेजबाबदार होती.

जुन्या वर्तमानपत्रांचा वाचक

न बोलणाऱ्यांचा प्रश्न नवा नाही, म्हणून थोडा इतिहास. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना-मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २३ लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असे छापले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने दूरध्वनीधारक आणि मोटारमालकांच्या याद्या वापरल्यामुळे श्रीमंतांचाच नमुना आला, असे पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते. ते अर्धेच कारण आहे. पुढच्या संशोधनात दिसले की ज्यांना मतपत्रिका मिळाल्या, त्यांच्यातही ती भरून परत पाठवणारे प्रामुख्याने रूझवेल्टविरोधक होते. तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी उत्तरच दिले नाही, आणि खरा कौल त्यांच्याकडे होता.

१९४८ ची चूक विस्कॉन्सिनसारखी होती. थॉमस ड्युई यांची आघाडी पक्की समजून चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या गेल्या, शेवटच्या काळात मतदार हॅरी ट्रूमन यांच्याकडे वळले, आणि 'शिकागो डेली ट्रिब्यून'ने ड्युई जिंकल्याचा मथळा छापून टाकला. प्रत्यक्षात ट्रूमन साडेचार टक्क्यांनी जिंकले.

मुठेकाठचा

भारतातल्या अनुभवाची तुलना इथे विषयांतर ठरू नये, कारण मते आणि जागा यांतली दरी हा प्रश्न दोन्हीकडे आहे. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याहूनही कमी फरक होता, पण जागा मात्र ३० आणि १७ अशा आल्या. मतांचे माप अचूक घेतले तरी जागांचा अंदाज चुकू शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. देशपातळीवर त्याच वेळी अनेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या पुढे जागा दिल्या होत्या आणि निकाल २९३ वर थांबला. अमेरिकेत निकालानंतर संशोधकांच्या संघटनेने चाचण्या गोळा करून, कारणे एकेक तपासून अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याकडे अनेक संस्था नमुना कसा निवडला, भारांक कोणते दिले हेसुद्धा सांगत नाहीत, तेव्हा चूक कुठे झाली हे बाहेरच्या अभ्यासकाने शोधायचे कसे?

धागालेखक

आपला शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. तपासणी झाली म्हणून सारे सुधारले असे मात्र अमेरिकेतही घडलेले नाही. २०१६ नंतर बहुतेक संस्थांनी शिक्षणाचा भारांक वापरायला सुरुवात केली, तरीही २०२० मध्ये देशपातळीवरच्या चाचण्यांची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी निघाली. विस्कॉन्सिनमध्ये जो बायडेन सरासरीत आठ टक्क्यांहून अधिक पुढे होते, ऑक्टोबरअखेरच्या एका नामांकित चाचणीत तर १७ टक्क्यांनी पुढे होते, आणि ते तिथे जिंकले २०,६८२ मतांनी. विजेता बदलला नाही म्हणून २०१६ एवढा आरडाओरडा झाला नाही, २०१२ प्रमाणेच. संशोधकांच्या संघटनेने पुन्हा अहवाल तयार केला. शिक्षणाचा भारांक किंवा शेवटच्या क्षणी निर्णय घेणारे मतदार ही कारणे या वेळी लागू पडत नाहीत एवढे त्यात सिद्ध झाले, पण खरे कारण निश्चितपणे सांगता आले नाही. जे रिपब्लिकन मतदार चाचणीला उत्तर देतात, ते उत्तर न देणाऱ्या रिपब्लिकन मतदारांपेक्षा वेगळे असावेत, ही शक्यता तेवढी शिल्लक राहिली. ती असेल तर वय, लिंग, वंश, शिक्षण यांचे कितीही भारांक दिले तरी उपयोग नाही.

मिशिगनकरांनी सांगितलेले न घेतलेले फोन इथे महत्त्वाचे ठरतात. प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत असत. २०१८ पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आले. उरलेल्या ९४ टक्क्यांविषयी आपण जे काही म्हणतो ते सारे गृहीतकांवर उभे आहे. २०२४ मध्ये अनेक संस्थांनी नवा उपाय केला: गेल्या वेळी कोणाला मत दिले होते हे विचारून त्यानुसार भारांक दिले. चुरशीच्या राज्यांत चूक बरीच कमी झाली, तरी ट्रम्प यांची मते तिसऱ्यांदा कमीच मोजली गेली. देशपातळीवर कमला हॅरिस साधारण एका टक्क्याने पुढे दिसत होत्या आणि ट्रम्प दीड टक्क्याने जिंकले. आयोवा राज्यात चाचणीतज्ज्ञ ॲन सेल्झर यांच्या चाचणीने, जिने २०१६ मध्ये त्या राज्यातला ट्रम्प यांचा मोठा विजय इतर अनेकांपेक्षा आधी आणि स्पष्ट ओळखला होता, हॅरिस यांना ३ टक्क्यांची आघाडी दिली, आणि ट्रम्प तिथे १३ टक्क्यांनी जिंकले. सेल्झर यांनी मागच्या मतदानाचा भारांक वापरण्याचे टाळले होते. मागच्या मतदानाशी जुळवून घेतलेली चाचणी मतदारांतला खरा बदलही दडपून टाकू शकते, हा त्यांचा युक्तिवाद या निकालाने खोटा ठरत नाही. ज्या निवडणुकीत मतदार खरोखरच मोठ्या संख्येने बाजू बदलतील, त्या निवडणुकीत आजचे हे भारांक उलट दिशेने चुकतील, आणि संख्याशास्त्राच्या शिक्षकांनी यावर सविस्तर लिहावे अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.